तारेतून काढलेल्या चिठ्ठ्या

दुसऱ्या वर्षाला इंटर्नशिपचे तास भरणं सक्तीचं झालं, तेव्हा आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी डिजिटल मार्केटिंग घेतलं. मी कॉलेजची जुन्या कागदांची खोली घेतली. कारण साधं होतं. तिथे कोणाला फोन करावा लागणार नव्हता.

खोलीच्या पाटीवर लांबलचक नाव होतं, पण शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला जुन्या कागदांची खोलीच म्हणत. ग्रंथालयाच्या मागे, सायकल स्टँडकडे उघडणारी एक खिडकी, दोन लोखंडी कपाटं, एक स्कॅनर, एक लांब टेबल. इतिहास शिकवणाऱ्या मॅडम वसईच्या गावागावांतून घरगुती कागद जमवत होत्या. पत्रं, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, बागेच्या नोंदी. पुढाऱ्यांचे कागद ठेवायला खूप जागा आहेत, इथे बाकीच्यांचे ठेवायचे, असं त्या म्हणत.

आम्ही दोघीच इंटर्न होतो. दुसरी मुलगी नायगावच्या खाडीकडच्या जुन्या गावातली. घरची भातशेती, आजोबा मिठागरावर होते. तिचं बोलणं एकदा सुरू झालं की थांबत नसे, आणि मला ते सोयीचं होतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी तोंड उघडलं नाही तेव्हा तिनं मला मराठी येतं का म्हणून विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाली, "मग बोल की. मला वाटलं कोन परदेशी पाव्हनी बसवलीय."

मी आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढले. आई-बाबा साताऱ्याकडचे, दोघंही नोकरी करणारे. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. घरात मराठीच बोलायचो, पण वाचायची वेळ आली की माझं बोट अजूनही ओळीखाली सरकतं. त्यामुळे कोणी बघत नसेल तेव्हाच मी मराठी वाचत असे.

तिसऱ्या आठवड्यात एक काकू आल्या. समुद्राकडच्या एका गावात त्यांची वाडी होती, केळीची आणि फुलांची. शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली होती. कापडी पिशवीतून त्यांनी एक तार काढून टेबलावर ठेवली. पूर्वी दुकानात आणि घरात कागद खोचून भिंतीला टांगायचे ना, तशी. वरच्या टोकाला आकडा, खालच्या टोकाला पुठ्ठ्याची गोल चकती, आणि मध्ये दोनशेच्या वर चिठ्ठ्या. लग्नपत्रिकांचे कोरे अर्धे भाग, पाकिटांच्या पाठी, बियाण्यांच्या पुड्यांचे कागद, सगळे एकाच तारेत ओवलेले. तार इतकी गंजली होती की हात लावला की बोटं तांबडी व्हायची. मॅडमनी मला पावतीच्या फॉर्मची झेरॉक्स आणायला पाठवलं. मी परत आले तेव्हा काकूंचं सांगून झालं होतं. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: आहे तसे परत मिळावे. तीन आठवड्यांची मुदत ठरली. एवढ्या वेळात स्कॅन करायचं आणि तार परत द्यायची.

मॅडमनी सुरुवातीलाच आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गंजलेल्या टाचण्या, क्लिपा, तारा कागदातून काढायच्या, कारण गंज कागद खातो. आणि कागद ज्या क्रमाने आले तो क्रम मोडायचा नाही. पहिली गोष्ट माझ्या नीट लक्षात होती. दुसरी मी वहीत लिहून घेतली होती, पण ती फायलींसाठी असते असं मी धरून चालले होते. भिंतीच्या तारेवर खोचलेल्या कागदांना कसला क्रम असणार, असं मला वाटलं. आमच्या घरी लाइटची बिलं अशीच एका क्लिपमध्ये कोंबलेली असतात.

पुढच्या आठवड्यात मी तार हातात घेतली त्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. नायगावची मैत्रीणही आली नव्हती. तार कापू का, असं मी मॅडमना मोबाइलवर टाइप केलं. मग वाटलं, एवढंही कळत नाही का असं त्यांना वाटेल. पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. शेवटी शिपायांकडून पक्कड आणली आणि तार कापली.

त्यानंतरचे दोन दिवस मी खूप खूश होते हे कबूल केलं पाहिजे. एकेक चिठ्ठी मऊ ब्रशने पुसली. बोटाखाली ओळ धरून वाचली. बहुतेकींवर एखादं-दुसरं वाक्य होतं. आज पंप बंद. मांजर व्याली. पाहुणे आले, दूध कमी पडले. सुकेळी वाळत घातली. काहींवर नुसती अक्षरं गिरवलेली होती. मी सगळ्यांचे विषयवार गठ्ठे केले. बाग, घर, पाहुणे, पाऊस. गंजाने एकमेकींना चिकटलेल्या काही चार-चार, पाच-पाच चिठ्ठ्या होत्या, त्या तशाच एका पाकिटात ठेवल्या. प्रत्येक गठ्ठ्यावर इंग्लिशमध्ये छान लेबल लावलं.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. टेबल बघून त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि विचारलं, "तारेतून काढायच्या आधी नंबर घातलेस ना?"

मी टेबलावरच्या गठ्ठ्यांकडे बघितलं. त्यांना उत्तर कळलं.

मग काकूंनी जे सांगितलं होतं ते मॅडमनी मला सांगितलं. चिठ्ठ्या काकूंच्या सासूबाईंच्या होत्या. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काकू सून म्हणून घरात आल्या आणि दुपारी सगळे झोपले की स्वयंपाकघरात त्यांना शिकवू लागल्या. सासूबाईंना वही नको होती. वही दिसली की माणसं विचारतात. म्हणून रोज एका रद्दी कागदावर एक वाक्य लिहायचं आणि स्वयंपाकघरातल्या तारेवर, आधीच्या कागदांवर खोचून टाकायचं. तिथे कोणी बघायला जात नसे. तारीख त्यांनी कधीच घातली नाही. तारेवर वर आहे ते आजचं आणि खाली आहे ते आधीचं, एवढं त्यांना पुरेसं होतं. एक बाई लिहायला कशी शिकली, ते पहिल्या अक्षरापासून त्या तारेवर ओळीने होतं. मी ते बाग, घर, पाहुणे आणि पाऊस करून टाकलं होतं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कॅलेंडर बघितलं. काकूंना परत द्यायला अकरा दिवस होते. त्या म्हणाल्या की तोवर जे करता येईल ते कर, पण काकूंना मी सांगणार नाही, तू सांगायचंस. तुझ्या इंटर्नशिपच्या अहवालात मीही हे लिहीन, झाकणार नाही. त्यांचा आवाज शांत होता.

मैत्रिणीला कळल्यावर तिनं आधी माझी लेबलं वाचली. "कागद पन इंग्लिश मीडियमला घातलेस होय," म्हणाली. मग माझ्या शेजारी बसली आणि तिचा उपाय सांगितला. अक्षर बघायचं. वाकडंतिकडं आधी, सुधारलेलं नंतर. शिकणाऱ्या बाईचं असंच होणार. दोन तासांचं काम.

आम्ही ते केलं, आणि ते इतकं सुंदर जमलं की मला भीती वाटली. एका टोकाला थरथरती अक्षरं, दुसऱ्या टोकाला गोल, ठाशीव ओळी. कोणालाही दाखवलं असतं तर पटलं असतं. मॅडमनाही कदाचित. मैत्रीण हात झटकून उठली. तिच्या मते प्रश्न मिटला होता.

मला मात्र ते चिकटलेल्या चिठ्ठ्यांचं पाकीट आठवत होतं. त्या मी सोडवल्या नव्हत्या, म्हणजे त्यांचा क्रम तरी खरा होता. एक गठ्ठा मी खिडकीच्या काचेला धरला. मध्ये तारेचं भोक होतं, गंजाची कड असलेलं. आणि थोडं बाजूला दुसरं एक भोक होतं, टाचणीच्या डोक्याएवढं, कडा कुरतडलेल्या. कसर लागली होती. पाचही चिठ्ठ्यांमधून उजेड आरपार येत होता.

मी त्या पाच चिठ्ठ्या वाफेवर धरून हळूहळू सोडवल्या. या वेळी प्रत्येकीवर ती सुटल्याबरोबर पेन्सिलने नंबर घातला. कसरीचं भोक प्रत्येक चिठ्ठीत केसभर सरकत गेलं होतं. कीड कागद खात सरळ गेली नव्हती, तिरकी गेली होती. म्हणजे दोन चिठ्ठ्या शेजारी असतील तर तारेचं भोक एकमेकांवर ठेवल्यावर कसरीची भोकंही जवळजवळ एकमेकांवर येणार. शेजारी नसतील तर नाही येणार. मी दुसरा चिकटलेला गठ्ठा काढला. तिथेही तसंच होतं. तिसरा, तसंच. मी एकटीच होते तरी खिडकीपासून टेबलापर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला हे सांगितलं. एका दमात मी इतकं बोलण्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण ती मध्ये बोललीच नाही. संध्याकाळी ती गोखिवऱ्याच्या कारखान्याच्या एका गाळ्यातून पारदर्शक अॅक्रिलिकचा तुकडा घेऊन आली. तिचा मावसभाऊ तिथे कामाला होता. त्या तुकड्याला एक खिळा बसवून घेतला होता. खिळ्यात चिठ्ठी अडकवायची, खालून टेबललॅम्प लावायचा, वर दुसरी चिठ्ठी अडकवून फिरवायची आणि कसरीचं भोक जुळतं का बघायचं. ती चिठ्ठ्या देत गेली, मी जुळवत गेले.

सहा दिवस लागले. सबंध तारेत कसरीच्या दोन वाटा होत्या, एक खालून वर गेलेली आणि एक मधूनच कडेकडून शिरलेली. तारेचा तळ कुठला तेही सापडलं, कारण सगळ्यात खालच्या चिठ्ठीच्या पाठीवर चकतीचा गोल डाग होता. डोळे चुरचुरायचे. मैत्रीण सतत काही ना काही सांगत राहायची आणि मधेच विचारायची, "जुळलं का गं?" जुळलं म्हटलं की ती टेबलावर एक टिचकी मारायची.

चौथ्या दिवशी तिचा चेहरा पडला. अक्षराप्रमाणे लावलेला तिचा सुंदर क्रम मोडत होता. सुरुवातीला गिरवलेली अक्षरं होती, ते बरोबर. मग अक्षर सुधारत गेलं, तेही बरोबर. आणि ऐन मध्यावर, चांगल्या गोल ओळींच्या मागोमाग, वीस-पंचवीस चिठ्ठ्या अशा की पहिल्या दिवसापेक्षा वाईट. वाक्यं पूर्ण, पण अक्षरं तिरकी, काही तर घसरलेली. त्यांच्या पुढे पुन्हा एकदम चांगलं अक्षर. तिचं म्हणणं होतं की माझी पद्धत चुकली. शिकलेली बाई अशी विसरत नाही. मी पुन्हा जुळवलं, तीनदा. कसर दरवेळी तेच सांगत होती.

मॅडमनी दोन्ही क्रम बघितले. कोणता देणार, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, भोकांचा. त्या म्हणाल्या, आणि कारण विचारलं तर? मी म्हटलं, अक्षर आपल्याला काय वाटतं ते सांगतं, भोक काय झालं ते सांगतं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली. वरच्या वीसेक चिठ्ठ्यांपर्यंत कसर पोचलीच नव्हती, त्या मी वेगळ्या ठेवल्या.

काकू यायच्या आदल्या दिवशी मीच त्यांच्याकडे जाते असं मॅडमना सांगितलं. मैत्रीण सोबत आली. बसमध्ये, मग शेअर रिक्षात, ती बोलत होती. वाडीच्या फाटकाशी गप्प झाली आणि म्हणाली, "आता तू."

काकू अंगणात फुलं निवडत होत्या. मी वाटेत वाक्यं ठरवली होती, सगळी इंग्लिशमध्ये, आणि त्यातलं एकही वापरता आलं नाही.

"काकू, मी चिठ्ठ्या तारेतून काढल्या. काढताना नंबर घातले नाहीत. माझ्यामुळे क्रम मोडला."

त्यांनी हातातलं फूल टोपलीत ठेवलं. "मी तारेसकट दिलं होतं."

"हो."

"काढायच्या आधी विचारलं का नाहीस कोणाला?"

"विचारणार होते. धीर झाला नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलीकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, दाखव काय केलंस ते.

ओटीवरच्या टेबलावर मी चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. कसरीचं सगळं सांगितलं. त्या चष्मा लावून पहिल्यापासून वाचू लागल्या. मांजर व्याली वाचून म्हणाल्या की ती मांजर फार चोर होती. हळूहळू त्यांचा आवाज मोकळा होत गेला. मग त्या मधल्या वाईट अक्षरांपाशी आल्या आणि थांबल्या. त्यातली एक चिठ्ठी त्यांनी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं: सूनबाई हसली.

त्यांनी ती चिठ्ठी सगळ्यात पुढे नेऊन ठेवली. "ही इथली नाही. सुरुवातीची आहे."

मी विचारलं, कशावरून?

पहिल्याच आठवड्यात, म्हणाल्या, सासूबाईंनी काढलेला ळ बघून त्यांना हसू आलं होतं. तोंडावर पदर घेतला तरी सासूबाईंनी बघितलंच. नंतर तीन दिवस शिकायला बसल्या नाहीत. "मी तेव्हा वीस वर्षांची होते. आजही आठवलं की लाज वाटते. त्यांनी ते लिहून ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं."

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. गप्प बसणं किती सोपं होतं. त्यांचं घर, त्यांची सासू, त्यांची आठवण. आणि मी आधीच त्यांचा क्रम एकदा मोडला होता.

"काकू, ती मधलीच आहे," मी म्हटलं.

मी चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली. अॅक्रिलिक खिडकीच्या उजेडात धरलं, खिळ्यात आधीची चिठ्ठी अडकवली, वर ही, तिच्यावर पुढची. तीन चिठ्ठ्यांमधून उजेडाचा एक ठिपका दिसला. त्यांनी डोळा जवळ नेला. मग मी तीच चिठ्ठी पहिल्या आठवड्यातल्या चिठ्ठीवर ठेवून दाखवली. अंधार. त्यांनी स्वतः खिळ्यात घालून दोनदा बघितलं. शिक्षिका होत्या, ऐकलेलं तसंच घेणाऱ्या नव्हत्या.

मग मी त्या मधल्या चिठ्ठ्या ओळीने वाचून दाखवल्या. मोठ्याने, बोट न ठेवता. सूनबाई आली. सूनबाई जेवली नाही. सूनबाई गप्प. आज पण गप्प. फुले पाठवली नाही. सूनबाईने भात खाल्ला. सूनबाई हसली.

काकू खुर्चीत मागे टेकल्या.

"माझे वडील गेले त्या साली," त्या म्हणाल्या. "मी माहेरून परत आले आणि महिनाभर कोणाशी बोलले नाही. शिकवणं तर बंदच होतं." मग त्यांनी एकदम उजवा हात उचलून मनगटाला डाव्या हाताने पकडलं. "आणि सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. विहिरीच्या पायरीवरून पडल्या होत्या. मी विसरलेच होते बघ. डाव्या हाताने लिहिलंय हे सगळं."

मैत्रिणीच्या तोंडून हळूच "अगं बाई" निघालं. मला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस आम्ही ज्या वाकड्या अक्षरांशी भांडलो होतो, त्यांचं उत्तर त्या मनगटात होतं, आणि कसर बरोबर होती. मी बरोबर होते. एवढं सरळ वाक्य मी स्वतःबद्दल मनातही कधी म्हटलं नव्हतं.

काकू आत गेल्या आणि सुकेळी, म्हणजे त्यांच्या वाडीतली वाळवलेली केळी, आणि पाणी घेऊन आल्या. आम्ही खात असताना त्यांनी ती चिठ्ठी पुन्हा हातात घेतली आणि तिच्या जागी, भाताच्या चिठ्ठीनंतर, नीट ठेवली. कागद परत मागत नाही, म्हणाल्या. कॉलेजात राहू देत. पण नंबर आत्ता, इथे, माझ्यासमोर घालायचे.

मी पेन्सिल काढली. काकू वाचत गेल्या, मी मागच्या कोपऱ्यात बारीक नंबर घालत गेले, मैत्रीण एकेक चिठ्ठी पाकिटात सरकवत गेली. दुपार उतरली. शेवटच्या वीसेक चिठ्ठ्या राहिल्या, कसर न लागलेल्या. काकूंनी त्या स्वतः भराभर लावल्या. ही शेवटची, ही तिच्या आधीची, मला चांगलं आठवतं, घाल नंबर.

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांची आठवण मी वेगळ्या कागदावर, त्यांच्या शब्दांत लिहून सोबत ठेवेन, असं सांगितलं. चिठ्ठ्यांवर मात्र नंबर घालणार नाही. पुरावा नाही.

काकूंनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग मैत्रिणीकडे.

"ही कायम अशीच हट्टी का?"

"नाय ओ काकू," ती सुकेळं चावत म्हणाली. "आजपासून झालीय."